चाकांवरचे घर आणि तिसरी तार

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाया येतो, उंबरठा येतो, अंगण येते. घर जागचे हलत नाही, ही आपली जुनी समजूत. परंतु अमेरिकेत गेल्या शतकात घराचा एक निराळाच प्रकार रूढ झाला. दोन किंवा चार चाकांवर उभे असलेले, मोटारीच्या मागे जोडून कोठेही न्यावे असे ते छोटेसे घर. आत दोन पलंग, एक ओटा, एक मोरी, एक कपाट आणि छताला दोन-चार दिवे. यास तिकडे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. आपण त्यास फिरते घर म्हणू.

या फिरत्या घरांचा इतिहास मनोरंजक आहे. हॉली बोलस या ग्लायडर बनवणाऱ्या गृहस्थांनी १९३४ च्या सुमारास विमानाच्या धर्तीवर अॅल्युमिनिअमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून असे घर तयार केले. त्यानंतर १९३६ मध्ये वॉली बायम यांचे ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आले. दुसरे महायुद्ध संपल्यावर तर टल्सा येथील स्पार्टन या विमाने बांधणाऱ्या कंपनीनेही अशी घरे बांधावयास घेतली. १९५९-६० मध्ये बायम यांनी अशा घरांचा एक तांडाच आफ्रिकेतून केप टाउनपासून कैरोपर्यंत नेला. १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून लिस्बनकडे निघालेला दुसरा तांडा आपल्या भारतातूनही गेला होता. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना १९६९ मध्ये काही दिवस ज्या बंद खोलीत वेगळे ठेवण्यात आले, तीही अशाच एका फिरत्या घरात फेरफार करून बनवलेली होती.

त्या काळातील ही घरे आज पन्नास, साठ, सत्तर वर्षांची झाली आहेत. बाहेरचे चकचकीत कवच बहुधा शाबूत असते. आतील लाकूड मात्र गळक्या छतामुळे कुजलेले, पडदे विरलेले आणि गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या असतात. अशी जुनी घरे विकत घेऊन त्यांचा अंतर्भाग नव्याने उभा करण्याचा छंद अमेरिकेत अनेक कुटुंबांना आहे. नवराबायको आणि मुले मिळून सुट्टीच्या दिवशी जुनी फळी काढतात, नवी बसवतात, रंग देतात. या सगळ्या कामात जो भाग पाहुण्यांच्या नजरेस कधीच पडत नाही, त्याविषयी आज या सदरात लिहावयाचे आहे. तो भाग म्हणजे भिंतीच्या आतील विजेच्या तारा.

वाचक म्हणतील, आमच्या इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या घराला चाके नाहीत. आम्हांला याचे काय? त्याचे उत्तर असे, की सहा मीटर लांबीच्या या एका खोलीत गृहविद्युतशास्त्रातील जवळजवळ सर्व प्रश्न एकत्र आलेले आहेत. मोठ्या घरात जे दोष वर्षानुवर्षे झाकून राहतात, ते या धातूच्या डब्यात प्राणघातक ठरतात. म्हणून धडा घ्यावयाचा तर तो येथेच घेणे बरे.

आधी तार, मग भिंत

नूतनीकरण म्हटले की माणसाचे मन प्रथम रंगाकडे धावते. पडदे कोणते, ओट्याला फरशी कोणती, पलंगाला लाकूड कोणते, यावर घरात चर्चा झडतात. तारांचा विचार भिंत बंद झाल्यावर होतो. फिरत्या घराची भिंत दोन कातड्यांची असते. बाहेर अॅल्युमिनिअमचा पत्रा, आत पत्रा किंवा पातळ प्लायवुड आणि मध्ये चार-पाच सेंटिमीटरची पोकळी. या पोकळीत उष्णता अडवणारा कापूस भरलेला असतो आणि त्यातूनच तारा गेलेल्या असतात. आतली कातडी एकदा रिव्हेटांनी बसवली, तिच्यावर कपाटे चढवली, की मागची तार पाहण्यासाठी सगळे घर पुन्हा मोडावे लागते.

म्हणून अनुभवी लोक कामाचा क्रम असा ठेवतात. प्रथम जुन्या अंतर्भागाची आणि जुन्या तारांची छायाचित्रे घ्यावयाची. मग कागदावर नव्या घराचा नकाशा काढावयाचा. पलंग कोठे, दिवा कोठे, पंखा कोठे, शेगडीजवळ सॉकेट किती अंतरावर, हे ठरवावयाचे. प्रत्येक तारेला क्रमांक द्यावयाचा आणि तोच क्रमांक तारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर लिहावयाचा. तारा ओढून झाल्या, त्यांची चाचणी झाली, की मगच भिंत मिटवावयाची. हा नकाशा घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवतात. वीस वर्षांनी भिंतीत खिळा ठोकणाऱ्या माणसाला तो उपयोगी पडतो.

जुन्या तारा तशाच ठेवून नव्या जोडाव्यात, हा मोह मोठा असतो. कारण दिवा लागतो, पंखा फिरतो, मग तक्रार कोठे आहे? परंतु तारेवरचे आवरण हे तिचे खरे आयुष्य. रबराचे जुने आवरण वयपरत्वे कडक होते, वाकवले की तडकते आणि त्याचे तुकडे पडतात. उंदरांना आवरण कुरतडण्याची सवय असते. अमेरिकेत सुमारे १९६५ ते १९७३ या काळात तांबे महाग झाल्याने अनेक घरांत अॅल्युमिनिअमच्या तारा घातल्या गेल्या. त्या काळच्या काही फिरत्या घरांतही त्या सापडतात. अॅल्युमिनिअम तापल्यावर तांब्यापेक्षा अधिक फुगते, थंड झाल्यावर आकसते. त्यामुळे स्क्रूखालील जोड हळूहळू सैल होतो. शिवाय त्याच्यावर जो गंज चढतो तो वीज वाहू देत नाही. सैल जोड तापतो आणि तापलेला जोड आणखी सैल होतो. आग लागते ती अशाच जोडापाशी. भिंत उघडी आहे तोवर अशा तारा काढून टाकणे हाच शहाणपणा होय.

एका घरात दोन विजा

आपल्या घरात एकाच प्रकारची वीज येते. फिरत्या घरात दोन प्रकारच्या विजा शेजारी शेजारी नांदतात. मुक्कामाच्या ठिकाणी खांबावरच्या सॉकेटातून जाड केबलने येते ती १२० व्होल्टची, सेकंदास ६० आवर्तनांची प्रत्यावर्ती वीज. (आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० आवर्तने असतात.) रानात, नदीकाठी, जेथे खांबच नाही तेथे काम चालते ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर, ही एकदिश वीज. छतावरचे दिवे, पाण्याचा पंप, छोटा पंखा हे बहुधा बॅटरीवर चालतात. शीतयंत्र, मोठे सॉकेट, हवा थंड करणारे यंत्र हे खांबावरच्या विजेवर. दोघींमध्ये दुवा म्हणून एक ‘कन्व्हर्टर’ नावाची पेटी असते. ती १२० व्होल्टांचे १२ व्होल्ट करते आणि बॅटरीही भरते.

येथेच पहिला धोका आहे. अमेरिकेतील घरगुती वायरिंगमध्ये काळी तार ही जिवंत, म्हणजे फेजची असते, पांढरी न्यूट्रल, आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची तार अर्थिंगची. मोटारीच्या वायरिंगमध्ये मात्र काळी तार ही बहुधा बॅटरीच्या ऋण टोकाची, म्हणजे निरुपद्रवी समजली जाते. फिरते घर हे घरही आहे आणि वाहनही. त्यामुळे एकाच भिंतीत दोन्ही रिवाज एकत्र येतात. १२ व्होल्टची समजून हात लावलेली काळी तार १२० व्होल्टची निघू शकते. म्हणून जाणते लोक दोन्ही प्रकारच्या तारा भिंतीत वेगवेगळ्या वाटांनी नेतात, त्यांच्या पेट्या वेगळ्या ठेवतात आणि रंगावर विसंबून न राहता प्रत्येक तार मीटर लावून पाहतात.

आपल्याकडील जुन्या रिवाजात काळी तार न्यूट्रलची आणि तांबडी फेजची. अमेरिकेतून आलेले एखादे यंत्र उघडणाऱ्या माणसाने हे अवश्य ध्यानी ठेवावे. आपल्या रंगाचा अर्थ जगभर एकच असतो असे नाही.

जाडीचा हिशेब

पुष्कळांची समजूत अशी, की १२ व्होल्टची वीज म्हणजे खेळण्यातली. तिला बारीक तार पुरे. खरे म्हणजे गोष्ट नेमकी उलट आहे. तार किती जाड हवी हे व्होल्टांवर अवलंबून नसते, तर तिच्यातून किती अँपिअर वाहतात यावर असते. १२० वॉटचे एखादे यंत्र १२० व्होल्टवर चालवले तर तारेतून १ अँपिअर वाहतो. तेच काम १२ व्होल्टवर करावयाचे तर १० अँपिअर लागतात.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. बॅटरीपासून यंत्र सहा मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून तार धरावयाची बारा मीटर. अमेरिकेतील १४ गेजची तांब्याची तार जाडीने सुमारे २ चौरस मिलिमीटर असते. अशा बारा मीटर तारेचा अवरोध जवळजवळ ०.१ ओहम होतो. तिच्यातून १० अँपिअर नेले तर १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. बारातला एक गेला, म्हणजे शेकडा ८ हून अधिक तोटा झाला. दिवा मंद लागतो, पंपाची मोटर कण्हते. आणि हरवलेले १० वॉट भिंतीतल्या कापसात उष्णता होऊन साठतात. त्याच तारेवर तेच यंत्र १२० व्होल्टने चालवले असते तर तोटा झाला असता ०.१ व्होल्टचा, जो कोणाच्या ध्यानातही आला नसता. १२ व्होल्टसाठी १० गेजची, म्हणजे सव्वापाच चौरस मिलिमीटरची तार वापरली की तोटा ०.४ व्होल्टवर येतो. (अमेरिकन गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड, हेही येथे सांगितले पाहिजे.)

आजकाल एलईडी दिव्यांनी हा भार पुष्कळ हलका केला आहे. जुन्या फिरत्या घरातील छतावरचा एक दिवा १८ वॉटच्या आसपास खात असे; तेवढाच उजेड आज दोन-तीन वॉटमध्ये मिळतो. तरीही तार जाड घालावी, कारण पुढील मालक तेथे काय जोडील हे कोणी सांगावे?

तारेच्या जाडीशी फ्यूजचे नाते आहे. फ्यूज यंत्राला वाचवण्यासाठी असतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो तारेला वाचवण्यासाठी असतो. १४ गेजच्या तारेला १५ अँपिअरचा फ्यूज, १२ गेजच्या तारेला २० अँपिअरचा, असा तिकडचा नियम आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी मोठा बसवणे, म्हणजे तापाचा रोगी बरा व्हावा म्हणून तापमापक फोडण्यासारखे आहे. आपल्या घरांत फ्यूजच्या जागी तांब्याच्या दोन-चार पदरी तारा गुंडाळणारे महाभाग अजूनही आढळतात; त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

बॅटरीजवळ तर फ्यूज पाहिजेच पाहिजे, आणि तोही दीड फुटाच्या आत. बॅटरीचे व्होल्ट थोडे असले तरी तिची दोन टोके चुकून जुळली तर शेकडो अँपिअर एकदम वाहतात. पान्हा लाल होतो, तारेचे आवरण पेटते. फ्यूज जर तारेच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मधल्या सगळ्या तारेला रक्षणच उरत नाही. बॅटरी भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो हलका असल्याने वर चढतो, म्हणून बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूस झरोका ठेवतात. स्वयंपाकाचा वायू मात्र हवेपेक्षा जड. तो गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र खाली बसवतात आणि वायूच्या टाकीच्या कोनाड्यात ठिणगी पाडणारे कोणतेही बटण ठेवीत नाहीत. एकाच खोलीत एक वायू वर जातो, एक खाली बसतो; दोघांचीही आठवण ठेवून तारा न्याव्या लागतात.

रबरी चाके आणि ओले गवत

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जुन्या फिरत्या घरांत पुष्कळदा दोनच तारांचे वायरिंग असते. वीज जाण्यास एक आणि परतण्यास एक. दिवे लागतात, यंत्रे चालतात, कसलीही उणीव भासत नाही. मग तिसरी तार, जी एरवी काहीच वाहून नेत नाही, ती कशासाठी?

समजा, भिंतीतील एका तारेचे आवरण रिव्हेटाच्या टोकाशी घासून उघडे पडले आणि फेजची तार अॅल्युमिनिअमच्या कवचाला टेकली. आता सगळे घरच १२० व्होल्टवर आले. परंतु घर रबरी चाकांवर उभे आहे. रबर वीज जमिनीत जाऊ देत नाही. फ्यूज उडत नाही. आत बसलेल्या माणसाला काहीही जाणवत नाही, कारण त्याच्या अवतीभोवतीचे सर्व काही एकाच पातळीवर आहे. जसा तारेवर बसलेला पक्षी सुखरूप असतो तसा. मग पावसाने भिजलेल्या गवतातून एक मूल अनवाणी धावत येते आणि दाराची धातूची मूठ धरते. त्याच क्षणी वीज जाण्यास वाट सापडते, आणि ती वाट म्हणजे त्या मुलाचे शरीर.

ओल्या त्वचेच्या माणसाचा अवरोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर १२० व्होल्टवर त्याच्यातून ०.१२ अँपिअर, म्हणजे १२० मिलिअँपिअर वाहतील. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आकसू लागतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर हृदयाची लय बिघडवण्यास पुरेसे होतात. १५ अँपिअरच्या फ्यूजला मात्र याची वार्ताही नसते, कारण त्याच्या हिशेबी ०.१२ अँपिअर म्हणजे काहीच नव्हे. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने हा धोका जवळजवळ दुप्पट समजावा.

काही जण यावर उपाय म्हणून घराशेजारी लोखंडी सळई जमिनीत ठोकतात आणि कवच तिला बांधतात. ऐकावयास हे पटते. परंतु हिशेब वेगळे सांगतो. जमिनीचा अवरोध २५ ओहम धरला तर १२० व्होल्टवर पाच अँपिअरही वाहत नाहीत. १५ अँपिअरचा फ्यूज शांतपणे बसून राहतो आणि कवच जिवंतच राहते.

खरा उपाय म्हणजे तिसरी तार. ती घराच्या धातूच्या सांगाड्याला, कवचाला, प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला आणि प्रत्येक यंत्राच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते. आणि जाड केबलमधून थेट खांबावरच्या पेटीपर्यंत जाते. सांगाड्याला बांधणारी तार तिकडच्या नियमाप्रमाणे किमान ८ गेजची तांब्याची असावी लागते. आता फेजची तार कवचाला टेकली तर परतीची वाट सगळी तांब्याची. त्या वाटेचा अवरोध अर्धा ओहम जरी धरला तरी २४० अँपिअर वाहू पाहतील, आणि क्षणार्धात फ्यूज उडेल. घरातले दिवे जातील. कोणी तरी कुरकुरेल. पण दाराची मूठ निरुपद्रवी झालेली असेल.

आणखी एक नियम आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. फिरत्या घराच्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा एकमेकींस जोडावयाच्या नसतात. त्या मुळाशी, वीज जेथून येते तेथे, एकदाच जोडलेल्या असतात. दोन्ही शेवटी जमिनीलाच जातात, मग येथेही जोडल्या तर काय बिघडले, असा प्रश्न मनात येतो. बिघडते ते असे. न्यूट्रल ही कामाची तार आहे. तिच्यातून रोज वीज परतते. ती कवचाला जोडली तर रोजच्या विजेचा काही भाग कवचावरून फिरू लागतो. आणि खांबाकडील न्यूट्रल व अर्थिंग सैल झाली वा तुटली, तर चालू असलेल्या दिव्यातून येणारी वीज सगळ्या कवचाला जिवंत करते. आपल्याकडे अर्थिंगची तार ओढण्याचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा तिसऱ्या भोकाला जोडण्याची खोड काही वायरमनांना आहे. तीन पिनांचे सॉकेट पाहून गृहिणी निश्चिंत होते. पण धुलाई यंत्राचे सगळे अंग त्या एका न्यूट्रलच्या जोडावर टांगलेले असते.

तिसऱ्या तारेच्या जोडीला आज आणखी एक पहारेकरी मिळतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी विजेचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम वर्षानुवर्षे अभ्यासला आणि १९६१ मध्ये असा खटका तयार केला, की जो गेलेली वीज आणि परतलेली वीज यांची सतत तुलना करतो. दोन्ही सारख्या असल्या तर ठीक; परतताना थोडी कमी पडली, म्हणजे ती भलत्या वाटेने, कदाचित एखाद्या माणसातून, जमिनीत गेली असे समजून तो वीज तोडतो. अमेरिकेत हे खटके सुमारे ५ मिलिअँपिअरच्या फरकाला तुटतात. आपल्याकडे घरासाठी ३० मिलिअँपिअरची ‘आरसीसीबी’ मिळते. तिच्यावर एक छोटे चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबल्यावर वीज गेली नाही तर पहारेकरी झोपला आहे असे समजावे.

हादरे, भोके आणि जोड

फिरते घर रस्त्यावर तासन्‌तास हादरत असते. म्हणून भिंतीतल्या तारा थोड्याथोड्या अंतरावर पट्टीने घट्ट बांधतात. पत्र्यातून तार न्यावयाची झाली की भोकाच्या कडेला रबरी कडे बसवतात. नाही तर पत्र्याची धार करवतीसारखे काम करते. १२ व्होल्टसाठी एकच जाड तार न वापरता पुष्कळ बारीक तारांची वळलेली तार घेतात, कारण हादऱ्याने ती लवकर तुटत नाही. नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाला येथे स्थान नाही. टोकाला तांब्याचे थिंबल पक्कडीने दाबून बसवावे लागते. प्रत्येक जोड उघडता येईल अशा पेटीतच करावयाचा. बंद भिंतीत पुरावयाचा नाही.

मोटारीकडून येणाऱ्या तारांनाही येथेच जागा असते. मागचे दिवे, वळणाचे दिवे, चाकांवरचे विद्युत ब्रेक. चालता चालता घर मोटारीपासून सुटलेच तर एक छोटा खटका ओढला जातो आणि घराची स्वतःची बॅटरी ब्रेक लावते. या खटक्याची तार तुटलेली असेल तर ते त्या दिवसापर्यंत कोणालाही समजत नाही. तिसऱ्या तारेप्रमाणे हीदेखील न वापरता जपावयाची वस्तू.

भिंत मिटण्यापूर्वीची परीक्षा

सर्व तारा ओढून झाल्या की यंत्रे काढून ठेवून ‘मेगर’ नावाच्या साधनाने आवरणाची परीक्षा करतात. ५०० व्होल्टच्या दाबाखाली तारेचा कवचाशी अवरोध मोजावयाचा. तो निदान एक मेगोहम, म्हणजे दहा लाख ओहम भरला पाहिजे. मग प्रत्येक सॉकेटचे तिसरे भोक सांगाड्याशी खरोखर जोडलेले आहे की नाही ते पाहावयाचे. मुक्कामाला गेल्यावर खांबावरचे सॉकेटही आधी मीटरने तपासावयाचे. कारण फिरत्या घराचे १२० व्होल्टचे ३० अँपिअरी सॉकेट आणि कपडे वाळवण्याच्या यंत्राचे जुन्या पद्धतीचे २४० व्होल्टचे सॉकेट दिसण्यात सख्ख्या भावंडांसारखी असतात, आणि घाईत एकाच्या जागी दुसऱ्याच्या तारा जोडल्या जातात.

वाचकहो, आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे दिवाळीपूर्वी, लग्नकार्यापूर्वी घर रंगवण्याची प्रथा आहे. स्वयंपाकघराला नवी फरशी बसते, छताला शोभेचे आच्छादन चढते. हीच वेळ तारा पाहण्याची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या काळात आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. फरशी लावण्यापूर्वी परवानाधारक वायरमनाला बोलवावे. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे. तारांवर स्वतः हात चालवू नये. पण प्रश्न मात्र स्वतः विचारावेत. प्रत्येक सॉकेटला खरी अर्थिंगची तार आहे काय? ती न्यूट्रलला तर बांधलेली नाही? दिव्यांना दीड आणि गीझर वा इस्त्रीच्या सॉकेटला अडीच ते चार चौरस मिलिमीटरची तार आहे काय? मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे काय? मेगरचा आकडा किती आला? आणि शेवटी, तारांचा नकाशा कागदावर मागून घ्यावा. उघड्या भिंतीची छायाचित्रे तर घरातील कोणीही काढू शकेल.

या कामाचा खर्च होतो आणि दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. आलेले पाहुणे पडद्यांची वाखाणणी करतील, फरशीवरून हात फिरवतील. भिंतीतल्या हिरव्या तारेविषयी कोणीही चकार शब्द काढणार नाही. तरीही घरातल्या लहान मुलाने ओल्या हाताने शीतयंत्राचे दार उघडले आणि काहीच घडले नाही, तर ते तिचेच काम असते. पुढल्या खेपेस घराला रंग देण्याचे निघेल, तेव्हा रंगाऱ्याआधी वायरमनाला निरोप धाडावा, एवढीच या सदराची विनंती आहे.